आतित्लान सरोवराकाठचे पहिले चार दिवस: पाठीवर बॅग घेऊन जाणाऱ्यांसाठी

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1560 मीटर उंचीवर आतित्लान सरोवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडंच खाली पाणी, आणि त्या पाण्याच्या दक्षिणेला सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी आणखी दीड ते दोन हजार मीटर वर चढलेले. फार पूर्वी एका प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठत गेलं. खोली 300 मीटरहून जास्त. काठावर छोटी-मोठी गावं आहेत, आणि तिथं राहतात ते मुख्यतः काक्चिकेल आणि त्झुतुहिल हे माया समाज.

मध्य अमेरिकेत स्वस्तात फिरणारे बहुतेक लोक इथं येतात. त्यातले बरेच जण दोन-तीन दिवसांत पाच गावं पालथी घालतात आणि दमून पुढं निघतात. मला वाटतं, या जागेवर तो अन्याय आहे. इथला दिवस वारा आणि होड्या ठरवतात. सकाळी पाणी शांत असतं, दुपारी खवळतं, अंधार पडला की होड्या थांबतात. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीचं सोपं होतं. म्हणून पहिले चार दिवस एकाच गावात मुक्काम ठेवा आणि खालच्या क्रमानं चला.

निघण्याआधी

व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. नवी दिल्लीत ग्वाटेमालाचा दूतावास आहे. तिथं ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. वाटेतल्या देशाचंही बघा. अमेरिकेच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाई करू नका, आधी मार्ग तपासा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून पर्यटकाला साधारण 90 दिवसांची मुदत मिळते, प्रत्येक देशात वेगळी नाही.

सामान कमी ठेवा. होडीत चढताना-उतरताना आणि गावातल्या उभ्या चढांवर ते तुम्हालाच उचलायचं आहे. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं. पण रात्री वर्षभर गार असतात, तेव्हा एक जाडसर स्वेटर लागतोच. बॅगेवर घालायचं पावसाळी आवरण कोरड्या दिवसांतही घ्या, कारण दुपारच्या होडीत पाणी उडतं. वीज 120 व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, त्यामुळे अॅडॉप्टर न्या. ओआरएसची पाकिटं, हेडटॉर्च आणि कापडी पिशवी विसरू नका. काठावरच्या सान पेद्रो गावानं 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, स्ट्रॉ आणि थर्माकोलच्या डब्यांवर बंदी आणली. पाहुण्यांनीही ती पाळायला हवी.

विमानतळ ते सरोवर

विमान ग्वाटेमाला सिटीत उतरतं. त्याच दिवशी सरोवरापर्यंत पोचायचा हट्ट करू नका. भारताच्या आणि तिथल्या वेळेत साडेअकरा तासांचं अंतर आहे, म्हणजे तुमच्या शरीराची रात्र आणि तिथला दिवस एकत्र येतात. विमानतळावरून आन्तिग्वा हे जुनं वसाहतकालीन शहर गाठा, तिथं एक रात्र झोप काढा. एटीएममधून केत्साल, म्हणजे इथलं चलन, काढा आणि मोबाइलचं सिम घ्या. तिगो आणि क्लारो या दोन कंपन्या सगळीकडे दिसतात.

आन्तिग्वाहून पानाहाचेलला जायचे दोन मार्ग आहेत. पर्यटकांची छोटी शटल बस साधारण तीन तासांत पोचवते. दुसरा मार्ग म्हणजे 'कामिओनेता'. अमेरिकेतल्या जुन्या शाळांच्या बसगाड्या इथं येतात, रंगवल्या-सजवल्या जातात आणि लोकांना घेऊन घाटांतून धावतात. आन्तिग्वाहून चिमालतेनांगो, तिथून लोस एनकुएन्त्रोस, मग सोलोला आणि शेवटी पानाहाचेल, असं गाड्या बदलत जावं लागतं. भाडं फारच कमी. पण पाठीवर सगळं सामान, डोळ्यांवर झोप आणि भाषा येत नाही, अशा अवस्थेत पहिल्यांदा शटलच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कामिओनेतानं परत जा, तेव्हा तिची मजा खरी कळेल. रात्रीचा प्रवास मात्र दोन्हींपैकी कशानंही करू नका.

आन्तिग्वाहून सकाळी लवकर निघा, म्हणजे दुपारच्या आत काठावर याल. सोलोलानंतर रस्ता झपाझप खाली उतरतो आणि सगळं सरोवर एकदम समोर येतं. खिडकीची जागा मागून घ्या.

कुठं उतरायचं, हे आधीच ठरवा

पानाहाचेल, ज्याला सगळे नुसतं 'पाना' म्हणतात, हे प्रवेशद्वार. एटीएम, औषधाची दुकानं, बसगाड्या सगळं इथं. पहिल्या दिवशी पोचायला संध्याकाळ झाली तर इथंच राहा. एरवी पैसे काढा आणि पुढं व्हा, कारण छोट्या गावांत एटीएम असलंच तर एखादं, आणि त्यात नोटा असतीलच असं नाही.

कमी खर्चात राहायचं, सोबतीला इतर प्रवासी हवेत आणि स्पॅनिश शिकायचं मनात असेल तर सान पेद्रो ला लागुना. तिथल्या खालच्या भागात हॉस्टेलांची दाटी आहे आणि रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं. वरच्या भागात मात्र खरं त्झुतुहिल गाव आहे. खोली शक्यतो वर घ्या. शांतता हवी असेल तर शेजारचं सान हुआन. विणकरांच्या आणि कॉफी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्था, रंगवलेल्या भिंती, स्वच्छ गल्ल्या. सान मार्कोसमध्ये योग आणि ध्यानाची केंद्रं आहेत, बरीचशी परदेशी लोकांनी चालवलेली आणि तुलनेनं महाग. मुंबई-पुण्याहून इतक्या लांब योगवर्गासाठी जायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सांता क्रूझ उभ्या चढावर आहे आणि निवांत आहे. हाइबालितोला तर होडीनं किंवा पायवाटेनंच जाता येतं.

एकट्यानं पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सान पेद्रो सुचवेन, आणि कुटुंबासह किंवा जोडीनं जाणाऱ्यांना सान हुआन. आधी फक्त दोन रात्रींचं आरक्षण करा. पुढचं तिथं जाऊन, खोली डोळ्यांनी बघून ठरवा.

पहिली होडी

गावागावांत नेणाऱ्या होडीला लांचा म्हणतात, धक्क्याला मुएये. पानामध्ये दोन वेगवेगळे धक्के आहेत. सान्तियागो आतित्लानला जाणाऱ्या लांचा एकावरून सुटतात, सांता क्रूझ, सान मार्कोस, सान पेद्रो या बाजूच्या दुसऱ्यावरून. तुकतुकवाल्याला गावाचं नाव सांगा, तो योग्य धक्क्यावर सोडेल. या तीनचाकी बघून मराठी माणसाला गंमत वाटेल, कारण बहुतेक आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोच्या असतात. गावातल्या गावात माणशी पाच-दहा केत्साल पडतात. एक केत्साल म्हणजे ढोबळमानानं अकरा रुपये.

धक्क्यावर एखादा माणूस पुढं येऊन सांगेल की सार्वजनिक लांचा गेली, आता खासगीच करावी लागेल. शांतपणे 'पुब्लिका' म्हणा आणि पुढं चालत राहा. सार्वजनिक लांचा माणसं भरली की सुटते, साधारण अर्ध्या तासाच्या अंतरानं. पर्यटकांना गावकऱ्यांपेक्षा जास्त भाडं पडतं, हे इथं सर्वांना ठाऊक आहे. पाना ते सान पेद्रो सुमारे 25 केत्साल धरा. नेमका आकडा हॉस्टेलमधून आधी विचारून ठेवा, तेवढी सुट्टी नोट हातात ठेवा आणि उतरल्यावर द्या. भाडं विचारत-विचारत बसलात तर आकडा वाढतो.

होडीत मागं बसा. पुढचा भाग लाटांवर आपटतो आणि पाणीही तिकडेच जास्त उडतं. सामान नावाड्याच्या हाती द्या, पण पासपोर्ट, पैसे आणि फोन अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा.

आता वाऱ्याबद्दल. त्याला शोकोमिल म्हणतात. पॅसिफिक किनाऱ्याकडची उबदार हवा दक्षिणेकडून डोंगरांच्या खिंडींतून वर येते, इथल्या गार हवेला भिडते, आणि दुपारच्या सुमाराला पाण्यावर मोठ्या लाटा उठू लागतात. सकाळी आरशासारखं दिसणारं हेच पाणी दुपारी तीनला होडी अक्षरशः उचलून आपटतं. ज्यांना पाठदुखी आहे त्यांनी आणि लहान मुलांबरोबर जाणाऱ्यांनी सगळे जलप्रवास सकाळी अकराच्या आत उरकावेत. शेवटच्या लांचाची वेळ गावागणिक बदलते. ती रोज विचारा आणि संध्याकाळी पाचनंतरच्या होडीवर भरवसा ठेवू नका.

धक्क्याजवळ पाण्यातून वर आलेल्या भिंती, छपरं दिसली तर दचकू नका. या सरोवरातून बाहेर जाणारी नदी नाही. पाणी जमिनीतून झिरपतं तेवढंच, त्यामुळे पातळी वर-खाली होत राहते. 2010 च्या आसपासच्या वर्षांत ती कित्येक मीटर चढली आणि काठावरची घरं, हॉटेलं पाण्याखाली गेली. त्यातली बरीच बांधकामं बाहेरून आलेल्यांची होती. जुन्या गावांची मूळ वस्ती चढावर आहे.

पहिली संध्याकाळ

बॅग ठेवा आणि तीन कामं करा. खोलीतलं पिण्याचं पाणी कुठून भरायचं ते विचारा. नळाचं आणि सरोवराचं पाणी पिऊ नका, त्यानं दातही घासू नका. 'आग्वा पुरा' लिहिलेल्या मोठ्या बाटल्या बहुतेक हॉस्टेलांत असतात, त्यातून आपली बाटली भरून घ्या. दुसरं, उजेड असतानाच धक्क्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता दोनदा चालून पाठ करा, कारण गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत आणि रात्री दिवे कमी. तिसरं, जेवा आणि झोपा.

जेवायला 'कोमेदोर' शोधा, म्हणजे घरगुती खाणावळ. काळा घेवडा, भात, अंडी, तळलेली केळी, आणि टोपलीत कापडाखाली गरम तोर्तिया. भाकरी थापावी तशा त्या बायका दोन्ही तळव्यांत थापतात, फक्त आकार लहान आणि मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला. शाकाहारी मंडळींची इथं उपासमार होत नाही, पण 'सिन कार्ने' एवढंच म्हणून भागत नाही. त्याचा अर्थ बरेच जण फक्त गोमांस नको असा घेतात आणि कोंबडी वाढतात. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही म्हणा, म्हणजे मांस, कोंबडी, मासे काहीच नको. घेवड्यात डुकराची चरबी असते का, हे 'तिएने मान्तेका?' असं विचारून कळतं. पिकलेल्या केळ्याच्या लगद्यात गोड घेवडा भरून तळलेले 'रेयेनितोस' मिळाले तर सोडू नका.

मध्यरात्री किंवा पहाटे फटाके वाजले तर घाबरू नका. वाढदिवस, लग्न, देवाचा सण, कशालाही फटाके लागतात.

दुसरा दिवस: चालणं आणि विचारणं

वेळेच्या फरकामुळे तुम्हाला पहाटे चारला जाग येणारच. उजाडेपर्यंत थांबा आणि मग काठावर जा. मासेमारांच्या छोट्या होड्या, कपडे धुणाऱ्या बायका, कॉफीच्या मळ्यांकडे निघालेली माणसं, सगळं सहा-सातच्या सुमाराला बघायला मिळतं. पोहायचं असेल तर हीच वेळ. मात्र गावाचं सांडपाणी जिथं मिळतं त्या बाजूला आणि मोठ्या पावसानंतर पाण्यात उतरू नका. 2009 मध्ये सरोवरावर शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांचा मोठा थर पसरला होता आणि सांडपाण्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. स्वच्छ पाण्यात पोहायला सान मार्कोसजवळची त्झांकुहिल राखीव टेकडी चांगली. प्रवेशाचे थोडे पैसे पडतात.

नंतर सान पेद्रोहून सान हुआनला जा, तुकतुकनं किंवा गावकऱ्यांसारखं पिकअपच्या मागं उभं राहून. तिथल्या विणकर बायकांच्या सहकारी संस्थेत नैसर्गिक रंग कसे करतात ते दाखवतात. कमरेला पट्टा बांधून, दुसरं टोक खांबाला अडकवून चालवायचा माग असतो. 'ह्युइपिल', म्हणजे बायकांचा विणलेला सदरा, एकेक करायला महिने लागतात. आपल्याला घासाघीस करायची सवय आहे, पण जिनं स्वतः विणलं तिच्याशी भावासाठी ताणू नये असं मला मनापासून वाटतं. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्या.

कुणाशीही बोलताना आधी 'बुएनोस दिआस', दुपारनंतर 'बुएनास तार्देस'. त्याशिवाय प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानतात. आभार मानायला त्झुतुहिल गावांत 'माल्त्योश' म्हणून बघा, समोरच्याचा चेहरा खुलतो. तुम्ही कुठले असं विचारलं तर 'सोय दे ला इंदिया' म्हणा. 'सोय इंदियो' म्हणू नका, कारण तो शब्द इथं माया लोकांना हिणवायला वापरला गेला आहे. स्थानिकांबद्दल बोलतानाही तो टाळा. परवानगीशिवाय फोटो नको, मुलांचा तर नकोच.

तिसरा दिवस: सान्तियागो आतित्लान

हा दिवस मी कुणालाही गाळू देणार नाही. सान पेद्रोच्या दुसऱ्या धक्क्यावरून सकाळची लांचा घ्या. ती ज्वालामुखीच्या पायथ्याला वळसा घालून खाडीसारख्या पाण्यात शिरते. सान्तियागो हे त्झुतुहिल लोकांचं सर्वांत मोठं गाव. ग्वाटेमालाच्या 25 सेंतावोच्या नाण्यावर इथल्याच एका स्त्रीचा चेहरा आहे, डोक्याभोवती लाल पट्टी गुंडाळलेला. जाण्याआधी खिशातलं नाणं काढून बघा.

आधी चर्चमध्ये जा. आत गावातल्या बायकांनी विणलेले कपडे घातलेल्या संतांच्या मूर्ती रांगेनं आहेत. इथं स्टॅनली रॉदर नावाचे अमेरिकन धर्मगुरू होते. यादवी युद्धात माणसं गायब होऊ लागली तेव्हा जिवाला धोका असूनही ते गावात परत आले, आणि 28 जुलै 1981 रोजी त्यांची इथंच हत्या झाली. 2017 मध्ये चर्चनं त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. ज्या खोलीत ते मारले गेले ती आता प्रार्थनेची जागा आहे. आवाज न करता आत जा.

मग गावाबाहेरच्या शांतता उद्यानात जा. 2 डिसेंबर 1990 च्या पहाटे लष्करी छावणीबाहेर जमलेल्या नि:शस्त्र गावकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि 13 जण मेले. त्यात मुलंही होती. गावानं असा निर्धार दाखवला की लष्कराला तिथून निघावं लागलं. युद्ध 1960 ते 1996 चाललं, आणि त्यात मेलेले बहुतेक माया होते. आज तुम्हाला हसून जेवण वाढणाऱ्या पन्नाशीच्या बाईनं ते पाहिलेलं आहे. आपण होऊन त्याबद्दल प्रश्न विचारू नका. कुणी बोललं तर ऐका.

माशिमोन या लोकदेवतेचं दर्शनही इथंच. लाकडी देह, गळ्यात रंगीत रुमाल, तोंडात चिरूट, पुढ्यात दारू आणि मेणबत्त्या. एका बंधुमंडळाकडे त्याची सेवा असते आणि ईस्टरच्या आठवड्यानंतर तो नव्या घरी जातो, त्यामुळे पत्ता विचारूनच जावं लागतं. प्रवेशाचे आणि फोटोचे वेगळे पैसे द्या. गाऱ्हाणं घातलं जात असेल तर भिंतीला टेकून गप्प उभं राहा आणि कॅमेरा खाली ठेवा. अकराच्या आत जमलं नाही तरी दुपारी लवकर परत निघा.

चौथा दिवस: डोंगर, पण वाटाड्याबरोबर

सूर्योदय बघायला सगळे 'रोस्त्रो माया' या सुळक्यावर जातात. पर्यटक त्याला इंडियन नोज म्हणतात. पहाटे चारच्या सुमाराला गाडी, मग चढ, आणि वर गेल्यावर सगळं सरोवर आणि ज्वालामुखींची रांग. सान पेद्रो ज्वालामुखीवर चढायचं असेल तर दम हवा: उंची 3020 मीटर, वाट सरळ उभी, वाटाडा आणि प्रवेश शुल्क दोन्ही लागतात. पहिल्या तीन दिवसांत यातलं काही करू नका, शरीराला उंचीची सवय होऊ द्या.

सरोवराभोवतीच्या पायवाटांवर प्रवाशांना लुटल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून सांता क्रूझ ते सान मार्कोस ही सुंदर काठावरची वाटसुद्धा एकट्यानं चालू नये. स्थानिक वाटाडा घ्या, त्याच गावचा. वाटेवरची माणसं त्याला ओळखतात आणि पैसेही गावात राहतात. अडचण आली तर पर्यटकांच्या मदतीसाठी 1500 हा क्रमांक आहे. भारताचा दूतावास ग्वाटेमाला सिटीत आहे, त्याचा फोन नंबर आधीच लिहून ठेवा. पोट बिघडलं तर दुकानात 'सुएरो ओराल', म्हणजे ओआरएस, मागा. कुत्रा चावला तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढं राहायचं असेल तर

चौथ्या दिवशी संध्याकाळी ठरवा. मन रमलं असेल तर सान पेद्रोच्या एखाद्या स्पॅनिश शाळेत आठवडाभर नाव घाला. एक शिक्षक, एक विद्यार्थी, रोज साधारण चार तास, वर्ग सोमवारी सुरू होतात, तेव्हा शुक्रवारी-शनिवारीच जाऊन बोलून ठेवा. शाळाच एखाद्या कुटुंबात राहायची सोय करून देते, तिन्ही वेळच्या जेवणासह. बहुतेक घरांत रविवारी जेवण नसतं. शाकाहारी आहात हे नाव घालतानाच सांगा, म्हणजे जिच्या घरात पोळी-भाजीची कल्पना नाही अशा बाईला पहिल्या दिवशी अवघडायला होणार नाही. पैसे शाळेला दिले तरी त्यातले कुटुंबाला किती जातात हे विचारा. ज्या शाळा मोकळेपणानं सांगतात, त्यांच्यातली एक निवडा.